दुसऱ्या पाइपाखालची जागा

हे लिहायला मी बसावे, हे मला स्वतःलाच फारसे पटलेले नाही. आयुष्यभर एका विमा कार्यालयाच्या पत्रव्यवहार विभागात बसून मी इतरांच्या वतीने पत्रे लिहिली. ‘मी’ हा शब्द त्यांत कधी आला नाही. आज त्रेसष्टाव्या वर्षी प्रथमच कोणा माणसाविषयी स्वतःच्या नावाने लिहिते आहे, आणि तेही अशा माणसाविषयी, ज्यांच्याशी माझी ओळख जेमतेम दोन वर्षांची. त्यांना तीस-तीस वर्षे ओळखणारी माणसे लालबागमध्ये आहेत. त्यांनी लिहिले असते तर ते अधिक अधिकारवाणीचे झाले असते. ती लिहीत नाहीत, आणि का लिहीत नाहीत हे मला ठाऊक आहे. म्हणून हे धाडस. वाचकांनी माझ्या अननुभवाकडे दुर्लक्ष करावे, एवढीच प्रार्थना.

वसंत घाडी हे लालबागमधल्या एका लहान कला केंद्राचा रंगमंच सांभाळत. पडदा ओढणे, दिवे टांगणे, प्रयोगाआधीच्या तीन घंटा देणे, ही त्यांची कामे. त्यांना पाहणाऱ्या कोणाच्याही लक्षात पहिली गोष्ट यायची ती ही, की हे गृहस्थ आपल्याच रंगमंचावरून सरळ कधी चालत नसत. एका विंगेतून दुसऱ्या विंगेत जायचे झाले, की ते मागच्या भिंतीला पाठ घासत, वळसा घालून जात. हातात चहाचे पेले असोत, खांद्यावर खुर्ची असो, घाई असो, नसो. मंचाच्या मध्यावर त्यांचे पाऊल पडलेले मी पाहिले नाही.

निवृत्तीनंतर मी त्या केंद्राच्या प्रौढांसाठीच्या नाट्यकार्यशाळेत नाव घातले. चार माणसांत माझे तोंड उघडत नाही, ही माझी जन्माची खोड. ती जावी, म्हणून भाचीने आग्रह धरला होता. गिरगावातून बसने निघून मी भीतभीत तिथे पोहोचले. कार्यशाळा घेणारे मिलिंद सर म्हणाले, “मॅडम, मध्ये उभ्या राहा आणि फक्त तुमचं नाव सांगा.” मी मध्ये जाऊन उभी राहिले. नाव ओठांवर येते आहे तोच विंगेतून आवाज आला.

“बाई, थंय उभ्या रवू नकात. दोन पावलां फुडे येवा.”

मला वाटले, प्रकाश नीट पडत नसावा. “का हो?”

“वर दुसरो पायप हा.”

“घाडीकाका,” मिलिंद सर हसत म्हणाले, “नवीन माणसाला पहिल्याच दिवशी घाबरवू नका. मॅडम, मनावर घेऊ नका. दुसऱ्या थिएटरांत भूत असतं, आमच्याकडे पाइप आहे.”

सगळे हसले. मीही हसले, आणि दोन पावले पुढे आले. घाबरून नव्हे, वयस्कर माणसाचा मान राखावा म्हणून.

तो पाइप म्हणजे काय, हे सांगायला हवे. मंचाच्या वर चार लोखंडी पाइप आडवे टांगलेले आहेत. प्रत्येक पाइप दोन दोरांवर. दोर कप्पीवरून जाऊन विंगेतल्या खुंट्यांना बांधलेले. पाइपांना दिवे अडकवतात. चारांपैकी दुसऱ्यावर सर्वांत जास्त दिवे, आणि तो नेमका मंचाच्या मध्यावर येतो. नट उभा राहतो तिथे, नाचणारी मुले गोल धरतात तिथे, पाहुण्यांचा सत्कार होतो तिथे.

घाडीकाका ऐन तरुणपणी कापडगिरणीत फिटर होते. यंत्रांचे पट्टे आणि दोर यांची देखभाल त्यांच्याकडे असे. गिरणी बंद पडली, तिच्या जागी आता पस्तीस-चाळीस मजल्यांची काचेची इमारत उभी आहे. पण काकांच्या बोटांतली सवय बंद पडली नाही. तालमीपूर्वी ते प्रत्येक दोर अंगठा आणि दोन बोटांच्या चिमटीत धरत आणि डोळे मिटून उभे राहत. वैद्याने नाडी पाहावी तसे. दुसऱ्या पाइपाच्या डाव्या दोरापाशी ते सर्वांत जास्त वेळ थांबत. एकदा धीर करून मी विचारले, “काय म्हणतो?”

“म्हातारो झालो. माज्यासारखो. पण माका सांगूक तरी येता.”

माझ्याशी त्यांची गट्टी जमली ती माझ्या आवाजामुळे. म्हणजे आवाज नव्हता त्यामुळे. मला एका एकांकिकेत चार वाक्यांची भूमिका मिळाली होती, आणि तीही पहिल्या रांगेपर्यंत पोहोचत नव्हती. बाहेरच्या गल्लीत मसाल्याच्या गिरणीचे डंख, म्हणजे मिरच्या कुटणारी लोखंडी मुसळे, दिवसभर धडधडत असतात. त्यांच्यापुढे माझी काय कथा. मिलिंद सर मला पोटातून श्वास घ्या, असे सांगून थकले. तेव्हा घाडीकाका विंगेतून बाहेर आले, भिंतीकडेने वळसा घालून खाली उतरले आणि थेट शेवटच्या रांगेमागच्या दारात जाऊन उभे राहिले.

“बाई, तुमचो आवाज तुमच्याच पदरात पडता. माका द्या. माका आयकाक इलो, की मी हात वर करतलंय.”

महिनाभर रोज तालमीनंतर दहा मिनिटे ते तिथे उभे राहत. माझी ती चार वाक्ये मी शंभरदा म्हटली असतील. कधी हात वर झाला नाही, कधी अर्धाच झाला. एके संध्याकाळी दोन्ही हात वर झाले, आणि अंधाऱ्या दारातून ते ओरडले, “इलो गे बाय, इलो!” वर्षानुवर्षे कार्यालयात साहेबांपुढे पुटपुटणारी मी, त्या दिवशी बसमध्ये कंडक्टरला इतक्या मोठ्याने ‘गिरगाव’ म्हणाले, की पुढच्या दोन माणसांनी मागे वळून पाहिले.

आता गाऱ्हाण्याविषयी. कोकणातल्या वाचकांना ते सांगायला नको, इतरांसाठी सांगते. कोणत्याही कार्याआधी नारळ ठेवून, देवाला मोठ्याने हाक मारून, जे काही मागायचे ते एक माणूस मागतो, आणि प्रत्येक वाक्यानंतर भोवतीची माणसे एका सुरात ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. घाडी घराण्याकडे गावी हा मान पिढ्यान् पिढ्या होता. इथे लालबागला प्रत्येक प्रयोगापूर्वी पडद्यामागे काका ते घालत. मी पहिल्यांदा ऐकले ते असे:

“बा देवा म्हाराजा, आज ही तुजी लेकरां तोंडाक रंग लावन तुज्या पायांकडे उभी हत म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“कोणाचा वाक्य चुकला, कोणाचो पाय घसारलो, तर सांभाळ म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“दुसऱ्या पायपाची डावी कप्पी झिजली हा, दोराचो एक पदर तुटलो हा म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“ज्येंनी वर बघूक व्हया, तेंची मान खाली हा, ती वर कर म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

शेवटच्या वाक्याला नेहमी हशा होई. त्यांचे बोलणे असे खटकेबाज, की लोकांना ते पाठ झाले होते. हौशी मंडळी मोबाइलवर टिपून घेत. पुढे पुढे कार्यकारिणीलाच ते इतके आवडले, की ‘आपली परंपरा प्रेक्षकांनाही दिसू द्या’ म्हणून पडदा उघडा ठेवून, प्रेक्षकांसमोर गाऱ्हाणे घालण्याची प्रथा त्यांनी पाडली. पहिल्या रांगेत अध्यक्ष आणि चिटणीस हात जोडून उभे राहत आणि कप्पी झिजल्याच्या वाक्याला सर्वांबरोबर खणखणीत ‘व्हय म्हाराजा’ म्हणत. मीही म्हणत असे. नव्याने लाभलेल्या माझ्या आवाजात तर फारच उत्साहाने.

आमच्यापैकी कोणाला ते वाक्य कळत नव्हते, असे नाही. सर्वांना मालवणी कळते. पण देवाला सांगितलेली गोष्ट आपण ऐकायची नसते, आपण फक्त होकार भरायचा असतो, अशी काहीतरी आमची सवय झाली होती.

एका दुपारी काकांनी मला विंगेत बोलावले आणि माझी बोटे त्या दोरावर ठेवली. वरून तो धडधाकट दिसत होता. आत बोटांना काहीतरी टोचले, वाळलेल्या गवतासारखे.

“दुसरो पदर पण गेलो,” काका म्हणाले. “तीनांतलो एक रवलो. बाई, माका लिवक येता, पण माजा लिवलेला भांडान वाटता. चार पत्रां दिलंय, कोणी वाचूक नाय. तुमी लिवा. तुमची भाषा बरी.”

त्यांनी मला मजकूर सांगितला. दोनच वाक्ये होती: ‘वरचा पाइप पडणार आहे. खाली असेल तो मरेल.’ मी वही उघडली आणि जे लिहिले ते अजून माझ्याजवळ आहे: ‘रंगमंचावरील प्रकाशयोजनेच्या साधनसामग्रीची सवडीनुसार तज्ज्ञांकडून पाहणी करून घेण्यात यावी, अशी नम्र विनंती करण्यात येत आहे.’

काकांनी ते दोनदा वाचले. “बाई, ह्येच्यात पायप खंय पडलो?”

“काका, असं थेट लिहीत नाहीत. त्यांना राग येईल.”

“अशें,” ते म्हणाले आणि खाली सही केली. “तुमी शिकलेली माणसां. तुमका म्हायत.”

आठवड्याने उत्तर आले: सूचनेची नोंद घेतली असून योग्य वेळी विचार करण्यात येईल. शिवाय चिटणीसांनी मला जिन्यात गाठून सांगितले, “पत्र फार सुंदर होतं हो. घाडींच्या आधीच्या पत्रांसारखं नाही.” मला त्या वेळी आनंद झाला होता, हेही लिहून ठेवते.

त्याच सुमारास मुलांचे उन्हाळी शिबिर संपत आले. समारोपाला बावीस मुलांचे नृत्य होते आणि बावीसही मुले मध्यभागी गोल धरून नाचणार होती. काकांनी मिलिंद सरांना विनवले, गोल पुढे घ्या, मागे घ्या, कुठेही घ्या. सर म्हणाले, पुढे घेतला तर प्रकाशाबाहेर जातो. काकांनी दुसऱ्या पाइपाला हात लावू द्या म्हटले. चिटणीस म्हणाले, “कार्यकारिणीच्या परवानगीशिवाय एक स्क्रूसुद्धा हलवायचा नाही. इतक्या वर्षांत कधी काही पडलंय का, काका?”

“सायबानू,” काका म्हणाले, “मरणारो माणूस मरणाच्या आदल्या दिसापर्यंत जितोच असता.”

“तुमच्या तोंडात कधी शुभ म्हणून नाही हो!” चिटणीस म्हणाले आणि निघून गेले.

समारोपाचा दिवस रविवारचा. सभागृह पालकांनी गच्च भरलेले. मी तिसऱ्या रांगेत होते. काका नारळ घेऊन मंचाच्या अगदी पुढच्या कडेला आले. शेकडो मोबाइल वर झाले.

“बा देवा म्हाराजा, आज हय बावीस पोरां नाचतली म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“तेंच्या डोक्यार दुसरो पायप हा म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“डाव्या दोराचे दोन पदर गेले, एकच रवलो हा म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” हशा पिकला. मंचामागे रांगेत उभी असलेली मुलेही ओरडत होती.

काकांनी नारळ खाली घेतला. मग शाळेत शिकलेल्या, जपून उच्चारलेल्या मराठीत ते म्हणाले, “अहो, हे गाऱ्हाणं नाही. मी तुम्हांला सांगतोय. आपापल्या मुलांना खाली बोलवून घ्या.”

सभागृह शांत झाले. एक क्षणभर, फार तर दोन, ते सगळे खरोखर ऐकत होते, असे मला आजही वाटते. बाहेरच्या डंखांची धडधड तेवढी ऐकू येत होती. आणि मग मागच्या रांगेतून एका खुशालचेंडू आवाजाने साद घातली, “व्हय म्हाराजा!”

त्या संध्याकाळचा सर्वांत मोठा हशा तोच. टाळ्या कितीतरी वेळ थांबल्याच नाहीत. तिसरी घंटा काकांनी दिली नाही. चिटणीसांनी स्वतः जाऊन बटण दाबले. मी हसले नव्हते, हे सांगून माझी सुटका होणार नाही. मी उठून उभीही राहिले नव्हते.

नृत्य अकरा मिनिटांचे होते. विंगेच्या फटीतून मला काका दिसत होते. त्यांनी तो दोर दोन्ही हातांनी धरला होता, पाय भिंतीला रेटले होते आणि मान वर. काही पडले नाही. मुले हसत खाली आली, आयांनी त्यांच्यावरून कानशिलांवर बोटे मोडली, पेढे वाटले गेले.

मी निघताना काका पायरीवर बसले होते. तळहात चोळत म्हणाले, “उद्या केंद्राक सुट्टी. उद्या मी तो खाली घेतंय.”

“एकट्याने? आणि परवानगी?”

“परवानगी येयत. दोर थांबतलो काय?”

“काका, घाई नको. मी आणखी एक पत्र लिहिते. या वेळी जरा स्पष्ट लिहिते.”

ते हसले. त्यात टोमणा नव्हता, निदान मला तो जाणवला नाही. “लिवा, लिवा. तुमी लिवा, मी पायप उतरयतंय.”

सोमवारी सकाळी साडेनऊच्या सुमारास पहारेकऱ्याने मोठा आवाज ऐकला. त्याला वाटले, शेजारच्या गिरणीत डंख तुटला असेल. अकरा वाजता तो चहा घेऊन आत गेला. पाइप उतरवायचा, तर आधी त्याचे दिवे काढून भार हलका करावा लागतो, आणि दिवे काढायचे, तर त्याच्या खालीच शिडी लावावी लागते. चौदांपैकी नऊ दिवे त्यांनी काढून, एकही काच फुटू न देता, भिंतीशी ओळीने मांडून ठेवले होते.

संध्याकाळी चिटणीसांचा मला फोन आला. शोकसभेसाठी ठराव हवा होता. माझी भाषा शोभिवंत आहे, असे ते म्हणाले. मी लिहिला. ‘रंगभूमीच्या निष्ठावंत सेवकाचे आकस्मिक निधन’ असे मी लिहिले. ‘वयोमानामुळे शिडीवरून तोल जाऊन’ हे शब्द त्यांनी घालायला सांगितले, तेही घातले. तो मीच वाचला. माझा शब्द न् शब्द शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचला, असे अनेकांनी मला नंतर सांगितले.

आता जे मी त्या दिवशी लिहायला हवे होते ते लिहिते. दोर सडला होता. त्यांनी ते सर्वांना सांगितले होते. दोर तुटला, पाइप पडला, त्याखाली वसंत घाडी मेले. त्यांच्या निधनात आकस्मिक असे काहीही नव्हते.

त्यानंतर दुसऱ्या पाइपाचा डावा दोर बदलला. उजवा तसाच आहे. मंचाला नवा रंग दिला आहे. मागच्या महिन्यात मी विंगेत जाऊन उरलेले सातही दोर अंगठा आणि दोन बोटांच्या चिमटीत धरून पाहिले. तिसऱ्या पाइपाचा उजवा दोर आतून टोचतो. मी त्याच पावली चिटणीसांकडे गेले आणि म्हणाले, “साहेब, तिसरा पाइप पडणार आहे. खाली असेल तो मरेल.”

“मॅडम, तुम्हीसुद्धा?” ते म्हणाले. “तुमच्याकडून ही भाषा अपेक्षित नव्हती.”

काकांची स्मृती म्हणून केंद्राने एक नवी प्रथा सुरू केली आहे. कोणाच्या तरी मोबाइलवरचे त्यांचे गाऱ्हाणे प्रत्येक प्रयोगाआधी ध्वनिक्षेपकावरून लावतात. रिकाम्या मंचावर त्यांचा आवाज येतो: कप्पी झिजली हा, दोराचो पदर तुटलो हा. प्रेक्षक उभे राहतात, काहींचे डोळेही ओलावतात, आणि सर्व जण एका सुरात म्हणतात, व्हय म्हाराजा.

यंदाच्या उन्हाळी शिबिराचा फलक कालच दारावर लागला. वय वर्षे आठ ते बारा, नृत्य आणि नाट्य, समारोपाला सादरीकरण. नावनोंदणी सुरू आहे आणि जागा भराभर भरत आहेत. तुमच्या घरात त्या वयाचे मूल असेल, तर तुम्ही त्याचे नाव तिथे घालाल का?